शनिवारचं भाकीत

माझं भाकीत लिहून घे, एर्विन.
पेन्सिलनं नको, पेनानं.
घोडामैदान जवळच आहे: शनिवार, दुपारचे तीन,
आपलंच मैदान, खाणीच्या राखेच्या टेकडीखालचं.
सगळ्या सिलेशियात इतकं तिरकं दुसरं नाही,
उत्तरेच्या कॉर्नरला गवत धरत नाही
आणि चेंडू उसळतो तो स्वतःच्या मर्जीनं.

तीन गुण हवेत, नाहीतर खालचा गट.
बरोबरी चालणार नाही.
हे तुला काय सांगायचं,
तू मंगळवारपासून ताटाशी नुसता बसून उठतोयस.

तर ऐक.
अकराव्या मिनिटाला आपण गोल खाणार.
कॉर्नरवरून. डामियान नेहमीसारखा
कुणाला अडवायचं ते शोधत राहील
आणि त्यांचा तो उंच टकल्या
स्वतःच्या घराचं दार ढकलावं तसं डोकं लावील.
मग बराच वेळ काहीच नाही.
काहीच नाही म्हणजे: ढोलवाल्यांचा चुकलेला ठेका,
पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार,
मागच्या रांगेतल्या हिल्डाबाईंचा थर्मास
आणि त्यातला चहा, ज्यात चहा कमी असतो.

मध्यंतरात तू म्हणशील, चल, घरी जाऊ.
एकतीस वर्षं म्हणतोयस.
जाणार नाहीस.

त्रेसष्टाव्या मिनिटाला औषधवाल्या बाईंचा पोरगा
आत येईल. सतरा वर्षांचा, कानाला पट्टी,
दोन पायांत दोन जोड्यांचे मोजे.
चेंडू उत्तरेच्या कॉर्नरला पडेल, नको तसा उसळेल.
त्यांच्या गोलकीपरला ही माती ओळखत नाही.
आपल्याला ओळखते. हिच्याखाली आपण
वीस-वीस वर्षं काढलीत.
एक-एक.

हसतोयस? हस.
या वहीत माझी तीनशेच्या वर भाकितं आहेत
आणि खरी ठरली ती सात.
त्यातलं एक धुक्यामुळे रद्द झालेल्या सामन्याचं,
'काही दिसत नाही' असं लिहिलं होतं मी.

आता पुढचं जरा हळू लिही.
पाहुण्यांच्या कठड्यामागे, निळ्या मफलरमध्ये
नऊ वर्षांचा एक मुलगा असेल. टिमेक.
माझ्या आग्नेस्काचा.
ती लग्न होऊन नदीपलीकडे गेली
तेव्हा मी सगळ्याचा विचार केला होता,
सासू, घरभाडं, जावयाचं पिणं.
याचा केला नव्हता.
नाताळात त्याला आपला हिरवा-काळा शर्ट दिला,
तर त्यानं नीट उलगडून
कुत्र्याच्या टोपलीत अंथरला.
पोरगा पक्का आहे. माझ्यावर गेलाय.

ते जिंकले तर वर चढतात,
आपण जिंकलो तर आहोत तिथे राहतो.
दोघांना पुरेल एवढा शनिवार नाही.
काल फोनवर त्यानं विचारलं, आजोबा, किती-किती?
आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली.
म्हटलं, आईला दे.

एकोणनव्वदावं मिनिट. फ्री किक, आपली.
इथून पुढे मला दिसत नाही, एर्विन.
दिवा विझला की भिंतीला हात लावून
चालायचो ना आपण, तसा चालतोय.
चेंडू उठतो. माणसांच्या भिंतीवरून जातो.
क्लबच्या खोलीतल्या संत बार्बराच्या काचेला तडा गेलाय,
तरी सकाळी तिच्यापुढे मेणबत्ती लावून आलो.
काय मागितलं ते विचारू नकोस.
पेन जरा खाली ठेव.

बरं, घे आता.
पाच वाजता, लोखंडी फाटकाशी
आम्हा दोघांपैकी एकाचे डोळे लाल असतील
आणि दुसरा आपल्या बुटांकडे बघत असेल.
मी सॉसेज घेईन, मोहरी जास्त.
तो म्हणेल, भूक नाही.
मग अर्धं खाईल.
उरलेलं माझ्या हातात देईल, न बोलता,
आणि बोटं पुसेल माझ्या कोटाला.

लिहिलंस?
हे आठवं.